एक ओळ पुढे

आरजू मुल्लाणीनं रॅपची तिसरी ओळ म्हणायला तोंड उघडलं आणि टेबलावरच्या यंत्रानं तीच ओळ, तिच्याच आवाजात, तिच्या आधी म्हणून टाकली.

वसुधाबाईंनी कपाळाला हात लावला. यंत्राचा स्पीकर बंद करायचा त्या साफ विसरल्या होत्या. गाण्यांच्या कंपनीसाठी नवे गायक शोधत त्या इचलकरंजीच्या या मागाच्या शेडमध्ये आल्या होत्या. यंत्राला ज्याच्या ओळी आधीच ओळखता येतात, तो नापास. तसली गाणी यंत्र स्वतःच बनवायचं, मग माणूस हवा कशाला?

"तोंडातली ओळ पळवली की ह्यानं," आरजू म्हणाली.

"चूक माझी गं. बंद करते त्याला."

"ऱ्हाऊ द्या ओ मॅडम. समोर कोण भिडायला असल्याबिगर मजा न्हाई येत."

मागाचा खडखडाट रेकॉर्ड करून तिनं फोनवर बनवलेला ठेका पुन्हा सुरू झाला. यंत्र आधी बोललं, "आई माझी राबते, सूत तिचं तुटत नाही."

आरजूनं ते ऐकलं आणि तालाला धक्का न लावता म्हणाली, "आई माझी घोरते, तुझ्यासाठी उठत नाही."

वसुधाबाई खो खो हसल्या. मग यंत्र प्रत्येक ओळीला चुकत गेलं आणि शेवटी गप्पच झालं. पोरगी मात्र सुटली होती.

जरा वेळानं धापा टाकत तिनं विचारलं, "झाली का परीक्षा?"

"केव्हाच पास झालीस. पण थांबू नकोस. पुढची ओळ मलाही ओळखता येत नाहीये."