मुठीपर्यंतचा उजेड

तीर्थपुरीच्या शिवारात, विजेच्या मोठ्या टॉवरच्या तारांखाली माझा भाऊ नागसेन मरून पडला. अंगावर चटका नव्हता, ठिणगी कुणी पाहिली नव्हती. मंग चौकशीच्या साहेबांनी ठरवून टाकलं, दारू पिऊन पडला असेल. ज्याला साधा कडक चहा सोसत नव्हता, त्याला मेल्यावर बेवडा केलं.

"ताई, ठिणगीशिवाय हवेतून करंट येत नसतो," साहेब म्हणाले.

"येतो. बघायला या," मी म्हणाले.

दिवेलागणीला त्याच जागी मी बंद पडलेली ट्यूब उभी धरली. ना वायर, ना ठिणगी, तरी माझ्या मुठीपर्यंत पेटली. तारांखाली ती धरलेल्या हातापर्यंतच पेटते, हे नागसेननंच मला दाखवलं होतं.

"आत सेल लपवलाय," म्हणत साहेबांनी ट्यूब स्वतःच्या हातात घेतली. मी लांब बांधावर जाऊन उभी राहिले.

त्यांनी ती खालच्या टोकाला धरली होती, तरी वरची निम्मीच पेटली. मधल्या काचेवर कुणी मूठ आवळावी, तसा उजेड तिथं तुटला होता.

मंग तो उजेड हळूहळू खाली सरकला आणि साहेबांच्या मुठीला टेकला.

"ताई," साहेब बारीक आवाजात म्हणाले, "माझा हात सोडा."