कपांचे कान

स्वच्छ काचेवर पाणी थेंब धरत नाही. ते सलग, पातळ पडदा होऊन खाली उतरतं. काचेला तेलकटपणाचा अंश जरी राहिला, तरी तो पडदा फाटतो आणि पाण्याचे मणी होतात. आई शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांना हे शिकवत असे. आता निवृत्तीनंतर तीच कसोटी ती घरच्या भांड्यांना लावायची.

तिनं पेला खिडकीसमोर धरला. दुपारचं ऊन त्यातून आरपार आलं. पेल्यावर मणीच मणी होते, आणि प्रत्येक मण्यात एक इवलीशी उलटी खिडकी.

"बघ," आई म्हणाली. "एक थेंब नाही."

"नाही," लेक म्हणाली.

लेक ओट्याखालच्या रिकाम्या खणापुढे उकिडवी बसून टेपनं माप घेत होती. स्वयंपाकघर नवं केलं तेव्हा सुतारानं डिशवॉशरसाठी तो खण सोडला होता. आत पाण्याची जोडणीही करून ठेवली होती. पाइपाच्या तोंडाला अजून बूच होतं. आई रोज हो-नाही करायची, आणि खण तसाच राहिला होता, काळोख भरून, ओट्याखाली विहीर असावी तसा.

"किती वेळा मोजशील?" टेबलाशी पेपर वाचणारे बाबा म्हणाले. "त्याचं काही आता वाढायचं वय नाही."

"बाबा, आज काय ते ठरवूनच टाकू. तुमचं मत काय?"

"मी जेवायच्या खात्यात आहे. धुण्याचं खातं तुझ्या आईकडे."

आईचे हात फेसात बुडालेले होते. "तिघांच्या भांड्यांना कशाला हवंय मशीन? ते भरेपर्यंत उष्टी ताटं आत कोंडून ठेवायची?"

"पाणी कमी लागतं, आई."

"मी काय नळ सोडून गाणी म्हणत बसते?" तिनं कप विसळून जाळीवर निथळत ठेवला. "कढई त्यात मावणार नाही. लाकडी डाव चालणार नाहीत. मग ते धुणार तरी काय?"

"निदान कप तरी स्वच्छ धुईल," लेक बोलून गेली.

बाबांनी पेपराचं पान उलटता उलटता तसंच धरून ठेवलं.

लेक घरूनच काम करायची. जेवणानंतर आई जरा आडवी झाली, की ती जाळीवरचे कप आणि पेले उतरवून पुन्हा धुवायची. नळाची धार केसाएवढी बारीक, म्हणजे आवाज नको. त्या वेळी सगळं घर पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं. पडदे हलायचे तेही हळू, पाण्यातल्या शेवाळासारखे. मग ती एकेक भांडं होतं त्या जागी परत ठेवायची. मोतीबिंदू काढून घ्या, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी आईला केव्हाच सांगितलं होतं. पिकू दे अजून, म्हणत आई चालढकल करत होती. आई, तुला थेंब दिसत नाहीत, हे एवढं वाक्य लेकीच्या तोंडून निघत नव्हतं. मशीन घेऊ, हे मात्र रोज निघत होतं.

आईनं हात पुसले. मग जाळीवरून बोटं फिरवत नेली, एका कपावरून दुसऱ्यावर.

"मी डावखुरी," ती म्हणाली. "कपांचे कान मी डावीकडे करून ठेवते. चहाच्या वेळी हात आपसूक तिथं जातो. आणि कान असतो उजवीकडे. रोज."

लेकीचं बोट टेपवरून सुटलं. टेप आपोआप सरसरत आत गेली.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

खिडकीबाहेर झाडाची पानं उन्हात हलत होती. आई तिकडे बघत राहिली. तिला ती पानं दिसत असतील की नुसता हलता हिरवा रंग, हे लेकीला ठरवता येईना.

"हल्ली दिव्याला खळं पडतं," आई म्हणाली. "चंद्राला पडतं ना, तसं. संध्याकाळी गॅलरीत उभी राहिले, की रस्ताभर चंद्र लावून ठेवलेत असं वाटतं. सगळं मऊ दिसतं गं. तुझे बाबासुद्धा तरुण दिसतात."

"मग राहू दे ते ऑपरेशन," बाबा पेपराआडून म्हणाले.

आई हसली. हसू ओसरल्यावर हळूच म्हणाली, "भीती वाटते. डोळ्यात सुरी घालतात म्हणे."

लेक उठून तिच्याशेजारी उभी राहिली. दोघींचे कोपर एकमेकींना लागले. आईनं मघाचा पेला पुन्हा उचलला आणि खिडकीसमोर धरला.

"थेंब आहेत ना?"

"आहेत."

"बरेच?"

"खूप. प्रत्येकात एक खिडकी आहे."

"उलटी," आई म्हणाली.

"हो. उलटी."

आईनं काचेवरून अंगठा फिरवला. अंगठ्याखाली मणी एकमेकांत मिसळले आणि त्यांचा एक ओघळ तिच्या मनगटापर्यंत आला. तिनं पेला ओट्यावर ठेवला, पाय पुढे करून त्या रिकाम्या खणाची कड चाचपली आणि मुलांना प्रयोगाची कृती सांगावी तशा सुरात म्हणाली,

"मशीन आणू. पण आधी डॉक्टरांची वेळ घे. ते नीट धुतंय का, हे बघायला घरात कोणीतरी हवं ना."