खिडकीतलं ऊन

बिल्डरांच्या जाहिरातींसाठी तो घरांची चित्रं बनवायचा. अजून न बांधलेल्या एका बेडरूमचं चित्र त्याच्या कॉम्प्युटरने तासन्‌तास खपून रेंडर केलं, तर खोली अंधारी आणि खिडकीबाहेर हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत.

"अरे, ही कोठडी कोण घेणार? उजेड पाड जरा," बिल्डर त्याला म्हणाला.

पुन्हा रेंडर करायची गरजच नव्हती. असल्या फाइलीत सगळा उजेड साठवलेला असतो, मागाहून हवा तेवढा वाढवता येतो. त्याने एक्सपोजर चढवत नेलं. खोली उजळली, खिडकी पांढरीशुभ्र झाली आणि बाहेरची भिंत त्या उजेडात दिसेनाशी झाली.

"मी काही पुसलेलं नाही हं," तो हसत म्हणाला आणि कौतुकाने ते चित्र घरच्या ग्रुपवर टाकून मोकळा झाला.

दोन वर्षांनी दादाने नवं घर बघायला बोलावलं. भर दुपारी वहिनीने बेडरूममधला दिवा लावला. खिडकीत तीच भिंत होती. त्याला मान वर करवेना.

वहिनी मात्र नेहमीच्याच मायेने म्हणाली,


"तुम्ही ग्रुपवर चित्र टाकलंत ना भाऊजी, त्याच दिवशी ठरवलं. घरच्या माणसाने दाखवल्यावर आणखी कुणाला काय विचारायचं?"