आईचा ठिपका

वसईजवळच्या नंदाखाल गावच्या प्रमोदिनीताईंनी वाडीतल्या जुन्या टेम्पोत बाज टाकली, शेगडी बसवली आणि साठाव्या वर्षी त्या एकट्याच राजस्थान पाहायला निघाल्या. मुलगा उमंग घरी बसून फोनच्या नकाशावर त्यांचा सरकता ठिपका पाहत असे. अरवलीच्या घाटात मोर बघायला त्या जरा थांबल्या, की फोन वाजायचाच. "आई, का थांबलीस? तिथे वस्ती नाही, पुढे हो." नवरा होता तेव्हा वाडीच्या कुंपणाबाहेर जायला विचारावं लागे. आता कुंपणच सोबत फिरत होतं.

किशनगडच्या ढाब्यावर त्या जेवत असताना उमंग फोनवर म्हणाला, "पुरे झालं आता, परत फिर."

"बरं," ताई म्हणाल्या.

तासाभरात ठिपका वसईच्या दिशेने सरकू लागला. दोन दिवस आईने फोन उचलला नाही, पण ठिपका घराकडे येत होता, म्हणून उमंग निश्चिंत होता.

तिसऱ्या दिवशी किशनगडहून विरारला संगमरवर घेऊन आलेला ट्रक ड्रायव्हर दारात उभा राहिला. आईचा फोन उमंगच्या हातात देत तो म्हणाला, "मावशी मजेत जैसलमेरला गेल्या. आजपासून वाटेत मिळेल त्या फोनवरून त्याच तुम्हाला फोन करतील."