पळून गेलेली

मागच्या दाराची कडी खळकन वाजली, तेव्हा नलिनी जाडजूड कादंबरीच्या शेवटच्या पानावर होती. पोळ्याचा दुसरा दिवस, लेक झोपलेली, म्हणून कुठे जरा वेळ मिळाला होता. तिनं पुस्तक रागानं मिटलं.

"मारलंच शेवटी तिले मेल्यानं!"

"कोणी? कोणाले?" दारातून आत येत विनायकनं विचारलं.

"ह्या लेखकानं, हिले! आवडत्या माणसासंग पळून गेली, एवढाच गुन्हा. शंभर वर्षांपूर्वी मेला म्हणून वाचला, नाहीतर गोटेच मारले असते मी त्याले!"

"अवो, कागदावरच्या बाईसाठी रडून राहिली तू?" विनायक हसला. सकाळी नलिनीनंच वेचून भरलेली गोट्यांची पिशवी त्यानं खांद्यावर टाकली आणि तो गोटमारीसाठी नदीकडे निघून गेला.

बेबी डोळे चोळत उठली. "आई, बाबा गोटे कायले घेऊन गेले?"

नलिनीनं तिला मांडीवर ओढलं. "लय जुनी गोष्ट आहे, बाई. सावरगावची एक पोरगी आपल्या पांढुर्ण्याच्या पोरासंग पळून येत होती. दोन्हीकडच्या लोकांनी भर नदीत गोटे मारून मारलं म्हणतात त्यायले. तेव्हापासून दरवर्षी दोन्ही गावचे लोक नदीच्या दोन काठांवरून एकमेकांले गोटे मारतात, तीच ही गोटमार."

बेबी नुकतीच वाचायला शिकली होती. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरच्या मोठ्या अक्षरांवरून तिनं बोट फिरवलं.

"आई, हे ह्या गोष्टीतल्या बाईचं नाव न?"

"हो."



"मग नदीतल्या पोरीचं नाव काय होतं?"