शेपटी

एकोणीसशे बहात्तर साली तो रस्ता नवा होता. रात्री डांबर उबदार राहायचं, म्हणून साप त्यावर येऊन पडायचे. सापांचा जाणकार म्हणवणारा तिचा नवरा त्यांना ओळखत हिंडायचा. गाडी तिचा भाऊ चालवायचा, बॅटरी ती धरायची. दोघांनाही नवरा बिनडोक समजायचा.

त्या रात्री बोटभर जाडीचा, काळ्यावर पांढरे पट्टे असलेला साप रस्ता ओलांडत होता. डोकं डावीकडच्या गवतात केव्हाच गेलं होतं.

"दाजी, मण्यार दिसतोय."

"शालकबुवा, अक्कल पाजळू नका. शेपटीखालचे खवले एकेरी असले तर मण्यार, दुहेरी असले तर कवड्या. शेपटी पाहिल्याशिवाय मी नाव घेत नाही."

उजवीकडच्या गवतातून शेपटी येईना. भावाची विडी विझली, तरी पट्टे सरकतच होते.

"अहो, घरी चला. एवढा लांब साप असतो का?"

"तुझ्या जिभेपेक्षा आखूडच असेल!" तिच्या हातातली बॅटरी हिसकावून तो उजवीकडे गवतात शिरला. उजेड दूर गेला आणि दिसेनासा झाला.

मग हाक आली, पण डावीकडून. "सापडली गं, राणी. ये ना बघायला."

भावाने गाडी तशीच मागे पळवली.

भाऊ पुढे दुकान टाकून सुखाने म्हातारा झाला. तिनं दुसरा संसार केला. पहिल्या नवऱ्याचा पत्ता लागला नाही.

हाकेला ओ का दिली नाहीस, असं विचारलं की ती म्हणायची, "तो माझ्याशी इतकं गोड कधीच बोलला नव्हता."