बाबांच्या हातचे पाइप

त्या वसाहतीचं पाणी इतकं जड होतं की शॉवरची भोकं बुजायची, किटलीला आतून पांढरं पुट चढायचं आणि नवाकोरा गीझरही बघता बघता मान टाकायचा. फक्त म्हाताऱ्या प्लंबरच्या घरी नळाला अजून मनगटाएवढी धार होती.

"पाइप मी टाकलेत," येईल त्याला तो छाती फुगवून सांगे.

त्याची मुलगीही प्लंबर, त्याच्याच हाताखाली तयार झालेली. तिला बापाचं केवढं कौतुक, पण क्षार कुणाची भीड ठेवत नाहीत, हेही ती जाणून होती. "बाबा, एकदा आतून बघू द्या," म्हणून तिने टुमणंच लावलं.

"बघ बाई," तो शेवटी हसला. "बापाचं काम बघून शिकशील तरी."

टाकीचा कॉक बंद करून तिने घरात येणारा एकुलता एक पाइप करवतीने कापला आणि हातभर तुकडा काढला. थेंबही सांडला नाही. तुकडा आतून खडूसारखा पांढरा, गच्च भरलेला. सुई जाईल एवढीही वाट नव्हती. भिंतीतली दोन्ही टोकं तशीच.

हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

तेवढ्यात बाथरूममध्ये बादली भरू लागल्याचा आवाज आला.

"बाबा, नळ चालू आहे?"

"मग? ये, धार बघ," बाप ऐटीत म्हणाला. "आहे का कुणाच्या घरी अशी?"

ती जागची हलली नाही. पाणी जोरात वाहताना पाइप थरथरतो, तसा तिच्या हातातला तो तुकडा थरथरत होता.